हरवले म्हणून सोडले काय?

ज्या वस्तूची राखण धन्याला करता आली नाही तिच्यावरचा त्याचा हक्क ती हातातून निसटताच क्षीण होऊ लागतो, आणि जो ती उचलतो, जपतो व वापरात आणतो त्याचा हक्क नीतीच्या आणि व्यवहाराच्याही दृष्टीने उत्तरोत्तर बळकट मानला गेला पाहिजे, असे प्रतिपादन एका विद्वान वकीलसाहेबांनी अलीकडे एका व्याख्यानमालेत केले. त्या प्रतिपादनाला पडलेल्या टाळ्या ऐकल्यानंतर, आणि सभागृहातून बाहेर पडताना ‘बरोबरच आहे, ज्याला सापडले त्याचे’ असा निर्वाळा चार प्रतिष्ठित गृहस्थांच्या तोंडून ऐकल्यानंतर, त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटू लागले. शाळेच्या पटांगणात खोडरबर सापडलेल्या पोराने ‘सापडलं त्याचं’ म्हणून ओरडावे यात काही बिघडत नाही. पण सनद घेतलेल्या माणसाने तेच वचन दंडसंहितेचा आणि धर्मशास्त्राचा हवाला देऊन व्यासपीठावरून सांगावे, हा प्रकार निराळा आहे.

वकीलसाहेबांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांचे म्हणणे आधी पुरतेपणी मांडतो. त्यांचे पहिले म्हणणे असे की, हरवणे हा निष्काळजीपणाचा परिणाम आहे आणि निष्काळजीपणाला कायद्याने पाठीशी घालू नये. दुसरे असे की, खुद्द भारतीय दंडसंहितेने रस्त्यात सापडलेला रुपया उचलणाऱ्याला निर्दोष ठरवले आहे, आणि इंग्लंडच्या न्यायालयांनी तर तीनशे वर्षांपूर्वीच सापडणाऱ्याच्या बाजूने कौल दिला आहे. जपान, जर्मनी यांसारख्या शिस्तीच्या देशांत सापडलेली वस्तू अखेर सापडणाऱ्यालाच मिळते, हे त्यांनी पुढे जोडले. आणि शेवटी, सभा जिंकून घेणारे म्हणणे मांडले ते असे की, प्रामाणिकपणे पोलीस ठाण्यावर नेऊन दिलेली वस्तू सहा महिन्यांनी सरकारजमाच व्हायची असेल, तर ती उचलणाऱ्या गरिबाच्या घरी राहिली म्हणून कोणाचे काय बिघडले? हा शेवटचा मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो आणि त्याचा विचार मी शेवटी व सर्वांत विस्ताराने करणार आहे. बाकीच्यांची भिस्त मुख्यतः अर्धवट वाचनावर आहे.

निष्काळजीपणाचा मुद्दा प्रथम घेऊ. मालकी आणि ताबा या दोन गोष्टी कायदा निरनिराळ्या मानतो, हे वकीलसाहेबांना सांगण्याची गरज नाही. तरीही त्यांचा सगळा युक्तिवाद ताबा सुटला की मालकीही सैल होते या गृहीतावर उभा आहे. तसे असते तर दाराला कडी न लावता झोपलेल्या माणसाचे घर चोराने साफ केल्यावर न्यायाधीशाने प्रथम फिर्यादीची कानउघाडणी करून मग मुद्देमालाची वाटणी केली असती. 1963 च्या मुदत कायद्याची अनुसूची उघडून पाहावी. हरवलेल्या किंवा चोरीस गेलेल्या विशिष्ट जंगम वस्तूबद्दल दावा लावायला तीन वर्षांची मुदत आहे, हे खरे. पण ती मुदत वस्तू हरवल्या दिवसापासून मोजायची नसून, ती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे मालकाला प्रथम कळते त्या दिवसापासून मोजायची आहे. म्हणजे एखाद्या बाईची बांगडी 15 वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवात गळून पडली आणि आज ती एका ओळखीच्या मनगटावर तिला दिसली, तर तिची तीन वर्षे आज सुरू होतात. मधल्या 15 वर्षांत त्या बांगडीला दुसऱ्याच्या घरी कितीही प्रेमाने चिंच लावून उजळले असले, तरी त्या उजळण्याने मालकी मिळाली नाही. 1930 च्या माल विक्री अधिनियमानेही हेच तत्त्व पुढे नेले आहे. ज्याच्यापाशी स्वतः मालकी नाही त्याला, कायद्यात सांगितलेले काही मोजके अपवाद सोडले तर, विकत घेणाऱ्याला मालकी देता येत नाही. म्हणून सापडलेली अंगठी रोख पैसे मोजून घेणारा सराफही खऱ्या धन्यापुढे रिकाम्या हाताचाच असतो. दाम चुकवणाऱ्याला जे मिळत नाही ते केवळ खाली वाकणाऱ्याला का मिळावे, याचे उत्तर व्याख्यानात आले नाही.

शिवाय वस्तू हरवतात त्या काही सगळ्या बेफिकीर श्रीमंतांच्या नव्हेत. गर्दीत, आजारपणात, उतारवयात, परगावी, रात्रीच्या प्रवासात वस्तू हरवतात. सर्वस्व एका पिशवीत घेऊन फिरणाऱ्यांच्या वस्तू अधिक हरवतात, कारण त्यांना ती पिशवी घरी ठेवून येण्याची सोय नसते. एखाद्या यात्रेत, जिथे खांबाखांबाला कर्णे बांधलेले असतात आणि हरवलेल्या माणसांबरोबर सापडलेल्या वस्तूंचाही पुकारा चाललेला असतो, तिथल्या मंडपाजवळ घटकाभर उभे राहावे. ध्वनिक्षेपकावर बसलेला कार्यकर्ता ‘एक बटवा सापडला आहे, ज्या माउलीचा असेल तिने ओळख पटवून घेऊन जावा’ एवढेच सांगतो; रंग सांगत नाही, आत काय आहे ते तर मुळीच सांगत नाही. मग एक आजी येते. तो विचारतो, ‘आजी, बटवा कसला? आत काय होतं?’ आजी सांगते, ‘हिरवा खणाचा, एका बाजूनं उसवलेला, आत कात-सुपारी, एक किल्ली, नि गाठ मारलेल्या फडक्यात साठ रुपये.’ तो टेबलाखाली बटवा उघडून गाठ सोडतो, पैसे मोजतो, आणि मगच हात पुढे करतो. या कार्यकर्त्याने कायद्याचे एक पानही उघडलेले नसेल, पण वस्तूचे स्वरूप व संख्या सांगता आल्याखेरीज दावेदाराच्या हाती ती देऊ नये, आणि खोटा दावा करणाऱ्याला वस्तूच्या किमतीइतका दंड करावा, ही मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील व्यवस्था आहे. तिचा पूर्वार्ध तो तंतोतंत पाळीत असतो. त्याच्या जागी वकीलसाहेबांना बसवले तर त्या आजीला निष्काळजीपणावर दोन शब्द ऐकवून बटवा ते कोणाला देणार होते?

धर्मशास्त्राचे नाव त्यांनीच काढले म्हणून तिकडे वळतो. गौतमाच्या धर्मसूत्रात असे सांगितले आहे की, धनी ठाऊक नसलेली हरवलेली वस्तू ज्याला सापडेल त्याने ती राजाला कळवावी, राजाने तिची दवंडी पिटून ती वर्षभर सांभाळावी, आणि त्यानंतरही कोणी आला नाही तर चौथा हिस्सा सापडणाऱ्याला द्यावा व बाकीचा राजाने घ्यावा. व्याख्यानात यातला ‘चौथा हिस्सा’ तेवढा आला; कळवणे, पुकारणे आणि वर्षभर वाट पाहणे या आधीच्या तीन पायऱ्या गळाल्या. मनूने तर ही मुदत तीन वर्षांची केली. तीन वर्षांच्या आत धनी आला तर त्याची वस्तू त्याची, आणि राजाने सांभाळल्याबद्दल सहावा, दहावा किंवा बारावा भाग घ्यावा. याज्ञवल्क्याने पुन्हा एक वर्ष म्हटले, पण जकात घेणाऱ्यांनी आणि स्थानपालांनी आणून दिलेल्या मालाविषयी बोलताना भटकलेल्या जनावरांच्या सांभाळाचे दरही नेमून दिले: घोड्यासारख्या एकखुरी जनावराला चार पण, म्हैस, उंट आणि गाय यांना दोन, शेळी-मेंढीला पाव. हे दर वाचताना मला नेहमी कौतुक वाटते, कारण ज्या शास्त्रकाराने चुकलेल्या शेळीच्या दाणावैरणीचा हिशेब शेळीच्या धन्याकडे लावला, त्याच्या मनात शेळी धन्याचीच आहे याविषयी शंका असणे शक्य नाही. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्रावरील ग्रंथाचे खंड ज्यांच्या कपाटात आहेत त्यांनी ‘व्यवहार’ प्रकरण एकदा सबंध वाचावे. त्या सगळ्या स्मृतिकारांत मुदतीविषयी मतभेद आहेत, राजाच्या भागाविषयी आहेत. पुकारा न करता दुसऱ्याची हरवलेली वस्तू खिशात घालण्याला मात्र त्यांच्यापैकी कोणीही मोकळीक दिलेली नाही.

आता दंडसंहितेतला तो प्रसिद्ध रुपया. 1860 च्या दंडसंहितेच्या 403 व्या कलमाखाली एक दृष्टान्त असा आहे की, एका माणसाला हमरस्त्यावर रुपया सापडतो, तो कोणाचा हे त्याला माहीत नाही, तो रुपया उचलतो. त्याने गुन्हा केलेला नाही. वकीलसाहेब येथे थांबले. थांबण्याची जागा त्यांनी मोठ्या चातुर्याने निवडली असे मी म्हणणार नाही, कारण पुढचे दृष्टान्त त्याच पानावर, त्याच शाईने छापलेले आहेत आणि ते कोणालाही दिसण्यासारखे आहेत. रस्त्यात सापडलेल्या पत्रात नोट आहे, पत्त्यावरून व मजकुरावरून ती कोणाची हे कळते, तरी ती खाणारा गुन्हेगार. समोरच्या माणसाच्या हातून पैशाची थैली पडताना पाहिली, परत देण्याच्या इराद्याने उचलली, पण मागाहून वासना फिरली आणि ती आपलीशी केली, तर गुन्हेगार. सापडली तेव्हा थैली कोणाची हे ठाऊक नव्हते, नंतर कळले, आणि कळल्यावरही ठेवून घेतली, तरी गुन्हेगार. आणि मूल्यवान अंगठी सापडली, कोणाची ते माहीत नाही, पण मालकाचा शोध घेण्याची काडीइतकीही खटपट न करता ती लगेच विकून टाकली, तर तोही गुन्हेगार. या सर्वांवर कलमाचे स्पष्टीकरण सांगते की धन्याला परत देण्यासाठी किंवा त्याच्यासाठी जपून ठेवण्यासाठी वस्तू उचलण्यात अप्रामाणिकपणा नाही. परंतु शोधाचे वाजवी उपाय न करता, सूचना न देता, वाजवी काळ वाट न पाहता ती आपलीशी करणे हा अपहार आहे. अशी अपहाराची वस्तू दंडसंहितेच्या व्याख्येप्रमाणे चोरीच्या मालात मोडते, तेव्हा ती जाणूनबुजून घेणाराही सुटत नाही. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम 314 वे झाले आहे, आणि पूर्वी नुसत्या दंडावरही भागू शकणाऱ्या या गुन्ह्याला आता किमान सहा महिन्यांचा कारावास ठेवला आहे. म्हणजे ज्या काळात वकीलसाहेब सापडणाऱ्याला धीर देत आहेत, त्याच काळात कायदेमंडळाने त्याचा मार्ग अधिक अरुंद केला आहे.

रुपयाला सूट मिळाली ती रुपयाच्या स्वभावामुळे. हमरस्त्यावर पडलेल्या एका नाण्यावर धन्याची काहीच खूण नसते, आणि त्याचा शोध घेण्याचा खर्च नाण्याहून अधिक होतो. आज रस्त्यात, रिक्षात, बसच्या आसनाखाली जी वस्तू बहुधा सापडते ती आहे मोबाइल फोन, आणि त्याच्याइतकी धन्याचे नाव सांगणारी वस्तू माणसाने आजवर केलेली नसेल. तो सापडणाऱ्याच्या हातातच वाजू लागतो. पडद्यावर ‘आई’ किंवा ‘घर’ अशी अक्षरे उमटतात. दोनदा, तीनदा, पाचदा. अशा वेळी तो बंद करून, नखाने किंवा टाचणीने कप्पा उघडून सिमकार्ड गटारात टाकणाऱ्याने हमरस्त्यावरच्या त्या रुपयाची साक्ष काढावी, ही थट्टा आहे. त्याची ती टाचणीच त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे. हरवलेल्या फोनची नोंद करून तो देशभर निकामी करण्याची यंत्रणा दूरसंचार खात्याने 2023 पासून सर्व देशाला खुली केली आहे, ती याच गृहीतावर की फोन हरवला तरी तो हरवणाऱ्याचाच आहे.

इंग्लंडच्या न्यायालयाची गोष्ट मोठी रंजक आहे आणि ती सांगताना व्याख्याते रंगले, यात त्यांचा दोष नाही. 1722 साली धुराडी साफ करणाऱ्या एका पोराला रत्नजडित दागिना सापडला. तो किमतीसाठी सोनाराच्या दुकानी घेऊन गेला. तिथल्या उमेदवाराने वजन करण्याच्या मिषाने खडे काढून घेतले आणि सोनार पोराच्या हातावर दीड पेनी ठेवू लागला. पोराने ती नाकारून दावा लावला. न्यायालयाने पोराचा हक्क मान्य केला आणि सोनार खडे हजर करीत नसेल तर ते त्या कोंदणात बसणाऱ्या उत्तमातल्या उत्तम प्रतीचे होते असे धरून भरपाई ठरवावी, असे पंचांना सांगितले. न्यायाची ही तडफ वाखाणण्याजोगीच आहे. पण निकालाचे वाक्य असे आहे की सापडणाऱ्याचा हक्क खऱ्या धन्याखेरीज इतर सर्वांविरुद्ध चालतो. दुकानी आलेल्या पोराला लुबाडणाऱ्या सोनाराविरुद्ध तो चालला. दागिन्याची धनीण कोर्टात आली असती तर पोराला तो मुकाट्याने तिच्या स्वाधीन करावा लागला असता. पुढे 1945 साली महायुद्धासाठी सरकारने ताब्यात घेतलेल्या एका घरात सैनिकाला सापडलेल्या ब्रूचचा, किंवा त्यानंतर लंडनच्या विमानतळावरील विश्रांतिकक्षात एका प्रवाशाला सापडलेल्या सोन्याच्या ब्रेसलेटचा निकाल लागला, तेव्हाही भांडण होते ते सापडणारा आणि जागेचा मालक किंवा ताबेदार यांच्यातले. खरा धनी या खटल्यांत पक्षकारच नव्हता. ज्या खटल्यांत धन्याचा प्रश्नच उपस्थित झाला नाही ते धन्याविरुद्धचे नजीर म्हणून पुढे करणे, ही वकिली आहे. तिला न्यायमीमांसा म्हणता येणार नाही.

जपानचा दाखला मात्र अधिक प्रामाणिकपणे तपासला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. तिथे सापडलेली वस्तू पोलिसांकडे दिल्यावर तीन महिन्यांत धनी न आल्यास ती सापडणाऱ्याची होऊ शकते, आणि धनी आला तर किमतीच्या पाच ते वीस टक्के बक्षीस मागण्याचा त्याला हक्क आहे. जर्मनीत मुदत सहा महिन्यांची आणि बक्षिसाचे प्रमाण कमी, पाचशे युरोंपर्यंत पाच टक्के व त्यावर तीन, पण धाटणी तीच. मात्र जपानात सात दिवसांच्या आत वस्तू जमा न करणारा हे सर्व हक्क गमावतो. म्हणजे या देशांनी सापडणाऱ्याला जे दिले ते उचलण्याबद्दल दिलेले नाही. हातातली वस्तू सोडण्याबद्दल दिले आहे. आणि आपल्या कायद्याने या बाबतीत कंजुषी केली आहे, हे मी कबूल करतो. 1872 च्या करार अधिनियमाने सापडणाऱ्यावर निक्षेपग्राहीची, म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याची, सगळी जबाबदारी टाकली. सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घे, असे त्याला बजावले. पण सोसलेला त्रास आणि केलेला खर्च यांबद्दल धन्यावर दावा लावण्याचा हक्क त्याला दिला नाही. खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून धरावी, आणि धन्याने जाहीर बक्षीस लावले असेल तरच त्यासाठी कोर्टात जावे, एवढेच त्याच्या पदरी पडले. विक्रीचा हक्कही अगदी अडचणीच्या वेळचा: धनी शोधूनही सापडत नाही किंवा वाजवी खर्च देत नाही, आणि वस्तू नासण्याच्या बेतात आहे किंवा खर्च किमतीच्या दोनतृतीयांशापर्यंत गेला आहे, तेव्हाच. प्रामाणिक माणसाला एवढ्या कोरड्या हाताने परत पाठवणारा कायदा बदलावा आणि त्याला ठरावीक टक्केवारी कायद्यानेच द्यावी, अशी मागणी वकीलसाहेबांनी केली असती तर टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही असतो.

सोडून दिलेल्या वस्तूंची गोष्ट वेगळी, आणि ती वेगळी आहे हेच माझ्या म्हणण्याला पूरक आहे. गोदावरीच्या पुलावरून गाडीच्या खिडकीतून भाविकाने नदीत टाकलेले नाणे त्याने मनापासून टाकलेले असते. दोरीला लोहचुंबक बांधून ते काढणाऱ्या पोराकडे ते परत मागायला कोणी येत नाही, आणि आला तर हास्यास्पद ठरेल. पण अनंत चतुर्दशीच्या रात्री मूर्तीबरोबर सोन्याचा हारही पाण्यात गेला, घरी आल्यावर देव्हाऱ्यासमोर कोणाच्या तरी ध्यानात आले आणि सारे घर पुन्हा विसर्जनाच्या हौदाकडे धावले, तर मूर्ती सोडलेली आहे आणि हार हरवलेला आहे. दोन्ही एकाच हौदात, एकाच चिखलात असले तरी. हौदावरचा माणूस तो हार काढून देतो तेव्हा तो उपकार करीत असतो, दान करीत नसतो. ओल्या कचऱ्याच्या डब्यात चुकून गेलेल्या कुडीलाही हेच लागू आहे. त्याग मनाने व्हावा लागतो. हात सुटल्याने तो होत नाही.

गुप्तधनाचा विषय वकीलसाहेबांनी दोन वाक्यांत उरकला, तोही मी तेवढ्यातच उरकतो. 1974 साली दायमाबादला झाडाचे मूळ उकरताना एका शेतकऱ्याच्या हाती कांस्याचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ लागला, त्याचा धनी हजारो वर्षांपूर्वीच गेलेला. अशा गाडलेल्या धनाविषयीदेखील 1878 चा कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचे असेल तर कलेक्टराला कळवा, त्याने निदान चार महिन्यांची जाहीर सूचना द्यावी, आणि कोणीच आला नाही तरच सापडणाऱ्याला तीन आणि जागेच्या मालकाला एक अशी वाटणी व्हावी.

आता तो शेवटचा मुद्दा, ज्यावर सभा जिंकली गेली. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाप्रमाणे बेवारस माल पोलीस ताब्यात घेतात, त्याचा जाहीरनामा निघतो, सहा महिन्यांत कोणी हक्क शाबीत केला नाही तर तो माल राज्य शासनाच्या अधीन होतो आणि त्याचा लिलाव करता येतो. कुठल्याही जुन्या ठाण्याच्या मागच्या आवारात डोकावले की या व्यवस्थेचे रूप दिसते: वेल चढलेल्या सायकली, टायर बसलेल्या मोटारसायकली, आणि आत मुद्देमालाच्या खोलीत सुतळीने बांधलेली, लाखेची मोहोर लावलेली गाठोडी, ज्यांच्या चिठ्ठ्यांवरची शाई उडून गेली आहे. जप्त मालाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच, गुजरातमधील एका प्रकरणात, वाहने ठाण्यात कुजत ठेवू नका, छायाचित्रे व पंचनामा करून हक्कदाराच्या हवाली करा, असे निक्षून सांगितले होते. म्हणून ‘सरकार तरी काय करणार आहे त्या वस्तूचे?’ हा प्रश्न खोटा नाही. खोटे आहे ते त्यातून काढलेले अनुमान. सरकारची व्यवस्था वाईट असल्याने धन्यावर एकदा अन्याय होतो; त्यावर उपाय म्हणून सापडणाऱ्याने तो सहा महिने अगोदरच करून टाकावा, असा तो सल्ला आहे. ठाण्यावर गेलेल्या वस्तूचा धनी निदान ठाण्यावर विचारू शकतो. परक्या घराच्या कपाटात गेलेल्या वस्तूचा धनी कुठे विचारणार?

पण मला वकीलसाहेबांपेक्षा पुढे जायचे आहे, कारण सरकारी हक्काची ही कल्पनाच त्यांनी निमूटपणे मान्य केली आहे. बेवारस संपत्ती सरकारकडे जावी हे तत्त्व संविधानाच्या 296 व्या अनुच्छेदात आहे आणि जिथे खरोखर कोणी वारस उरला नाही तिथे त्याला माझा विरोध नाही. मात्र मालक ठाऊक नसणे आणि मालकच नसणे या दोन भिन्न अवस्था आहेत. मुंबई राज्याने 1953 साली कामगार कल्याण निधीचा कायदा करून गिरण्यांत पडून राहिलेले, कामगारांनी न उचललेले वेतन त्या निधीकडे वळवले, तेव्हा बॉम्बे डाइंग कंपनीने त्याला आव्हान दिले आणि डिसेंबर 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. त्या निकालाचा लाभ त्या वेळी गिरणीमालकाला झाला, ही त्यातली विसंगती मला टोचते. परंतु कोकणात गावी गेलेला, आजारी पडलेला किंवा दुसऱ्या गिरणीत लागलेला कामगार पगार न्यायला आला नाही, एवढ्यावरून त्याने तो सोडला असे होत नाही, हा त्या प्रकरणाने उभा केलेला प्रश्न मोलाचा होता.

तो प्रश्न बँकांच्या बाबतीत आपल्या कायद्याने पुढे नीट सोडवलाही आहे. दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव 2014 पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे जाते. पण ठेवीदार किंवा त्याचा वारस कधीही आला तरी बँकेने त्याला पैसे द्यायचे आणि निधीकडून भरून घ्यायचे. सात वर्षे न उचललेला लाभांश, आणि त्याबरोबर समभागही, गुंतवणूकदारांच्या निधीत जातात. तेही मागून परत घेता येतात. आयुर्विम्याच्या न मागितलेल्या रकमा ज्येष्ठ नागरिकांच्या कल्याण निधीत गेल्यावरही 25 वर्षे दावा चालतो. ज्याच्या नावावर समभाग आहेत त्याची वाट पाहायला कायद्यापाशी एवढा धीर आहे, आणि एसटीच्या गाडीत जिचे मंगळसूत्र तुटून पडले त्या बाईसाठी सहा महिने! तिच्या गावी त्या जाहीरनाम्याची बातमी पोचायलाच कदाचित तेवढा वेळ लागेल. बँकेतल्या पैशाला टिकाऊ मालकी आणि अंगावरच्या सोन्याला सहामाही मालकी, हा भेद कोणत्याही न्यायतत्त्वावर टिकणारा नाही. तो केवळ कोणाचा हिशेब कोण ठेवतो यावर टिकला आहे.

नाशवंत वस्तू विकाव्यात, जड वस्तू विकाव्यात, सहा महिन्यांनी खुशाल सगळ्याच विकाव्यात. लिलावात घेणाऱ्याला निर्वेध मालकीही मिळावी, नाहीतर बोली लावायला कोणी येणार नाही. परंतु येणारी रक्कम, सांभाळणुकीचा खर्च आणि सापडणाऱ्याचा कायद्याने ठरवलेला भाग वजा करून, त्या वस्तूच्या नावे जमा राहावी आणि धन्याने ओळख पटवली की त्याला मिळावी. एका छत्रीसाठी एवढा खटाटोप कोण करणार, अशी शंका त्या सभेत एका निवृत्त अधिकाऱ्यांनी काढली होती आणि ती हशा पिकवून गेली. त्या साहेबांना ठाऊक असायला हवे की ठाण्यात छत्रीचीसुद्धा नोंद होते, वर्णन लिहिले जाते, चिठ्ठी बांधली जाते, लिलावाची यादी होते आणि आलेला पैसा चलनाने भरला जातो. एवढी लिखापढी आजच होत असताना लिलावाची रक्कम आणि चलनाचा क्रमांक मूळ नोंदीसमोर लिहून ठेवण्यापुरता आणखी एक रकाना त्या नोंदवहीत आखायला कोणत्याही खात्याला नव्या कारकुनाची मागणी करावी लागणार नाही.